बँकॉकचा फुलबाजार आणि तुझा हार

दादा,

आत्मा नसतो, असं दर रविवारी विहारातल्या मुलांना मीच शिकवते. माणूस गेला की गेला, वर बसून कुणी ऐकत नसतं. आणि आता तुझ्याच पडवीत, तुझ्याच बाजेवर बसून मी तुझ्याशी बोलतेय. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तरीण, आधी सोताचा धडा पाठ कर." धडा राहू दे बाजूला. आज सकाळी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे जेवून गेले, वहिनी आत जरा आडवी झालीय, तुझा सुमेध खुर्च्या परत द्यायला गेलाय. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण ती सरळ सांगता येत नाही, तिच्याआधी बँकॉक येतं आणि बँकॉकच्याही आधी मायचा मोगरा येतो.

मोगरा मायनं न्हाणीच्या पाण्यावर लावला होता. पौर्णिमेला त्याच्या कळ्या ताटलीत घालून विहारात न्यायचं काम तुझं, आणि तुझ्यामागे मी. घर दिसेनासं झालं की तू ताटलीत नाक खुपसायचास. चांगलं पोटभर. परत आल्यावर मी मायला सांगायचे आणि माय तुझ्या हातावर चापट मारायची, "उष्टं फूल वाहिलं व्हय रे?" तू हात चोळत माझ्याकडे बघायचास. त्या चुगल्यांबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही म्हणजे नाही.

मोठे झालो तरी तुझं तेच. "आज्यानं घरातले देव गोदावरीत नेऊन सोडले. पण हे उष्ट्या फुलाचं कुणी सोडलं न्हाई. धर्म बदलला, नाक तेच राह्यलं." मी म्हणायचे, अरे, यात देवाला काय वाटेल हा प्रश्नच नाही. फूल वाहतो ते सुकणार आहे आणि आपणही, एवढं ध्यानात राहावं म्हणून वाहतो. तेवढा वेळ तरी माणसानं आपली हौस बाजूला ठेवावी. यावर तू डोळे बारीक करून म्हणायचास, "हौस न्हाई गं. तपासणी."

आणि यात तुझं खरंही होतं, कारण तोवर तू फुलांचा शेतकरी झाला होतास. झेंडू, शेवंती, मधे थोडा निशिगंध. आष्टीहून टेम्पोत गाठोडी घालून उजाडायच्या आत जालन्याच्या फुलबाजारात. माल उतरवला की दुसऱ्यांच्या ढिगांची पाहणी. वरची फुलं तू बघायचाच नाहीस. "वरून तर सगळेच हसत असतात," म्हणायचास. बाही सारून ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचास. ओली फुलं दाबून भरली की ढीग आतून तापतो, वरून टवटवीत आणि आत शिजत असतो. हाताला ऊब लागली की तू एवढंच म्हणायचास, "गरम माल." मग मूठभर फुलं बाहेर काढून वास. अडत्यांचे चेहरे पडायचे. आपलाही माल कधी गरम लागला तर तू स्वतःच तो टेम्पोत परत चढवायचास. वहिनी त्यावरून किती चिडायची.

माल उतरवून झाला की जालन्यातच मस्तगडला माझ्या दारात. "चहा टाक." हातात पिशवी, पिशवीत वाटीभर शेवंती किंवा निशिगंधाच्या चार काड्या. ती माझी. चहा बशीत ओतून पीत तू बाजाराच्या बातम्या सांगायचास आणि मी डबा भरत भरत हं हं म्हणायचे. फुलं मी शाळेत न्यायचे, टेबलावर ग्लासात ठेवायचे. हे आमचे हसायचे, "तुझ्या भावानं तुझ्या वर्गाचा मांडव केलाय." पोरांना वाटायचं, मॅडमचा भाऊ म्हणजे मोठा माणूस असणार. होतासच तू.

तर बँकॉक. जालना आणि संभाजीनगरच्या उपासकांची सहल निघाली, तिथले विहार बघायचे म्हणून. ह्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून माझ्यासोबत तू. विमानात बसायच्या आधी तू मला तीनदा विचारलंस की शेंगदाण्याची चटणी नेऊ देतात का. नेऊ दिली. हॉटेलात पहिल्याच सकाळी, चार वाजता, तू माझ्या खोलीचं दार वाजवलंस. मला वाटलं बरं नाही की काय तुला. तू आंघोळ करून, टोपी घालून उभा.

"इथला फुलबाजार कुठं भरतो गं?"

"दादा, सात वाजता बस आहे. सगळ्यांसोबत जायचंय."

"सात वाजेस्तोवर येऊ की. विहार कुठं पळून जातेत? बाजार उठून जाईल."

खाली काउंटरवरच्या मुलीला तू मोबाइलमधला आपल्या झेंडूच्या शेताचा फोटो दाखवलास आणि हातानं टोपल्या, ओझं, गर्दी असं सगळं करून दाखवलंस. मी इंग्रजी जुळवेपर्यंत तिनं हसून टॅक्सीवाल्यासाठी चिठ्ठी लिहूनही दिली.

नदीकाठी तो बाजार. नदी बघून तू म्हणालास, "शहागडला पुरात गोदावरी एवढीच असते." मग फुलं दिसली आणि तू चालायचा थांबलास. झेंडूच्या पारदर्शक पिशव्या माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या, एकेक फूल सारख्या मापाचं. कमळाच्या कळ्या हिरव्या पानांत गुंडाळलेल्या, आणि बायका बसून त्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत होत्या. मोगऱ्याच्या कळ्यांवर बर्फ. बर्फ बघून तू खाली बसलासच. "हे बघ. आपण ओलं फडकं टाकतो आन् हे बर्फ टाकून राह्यले." मग हारांकडे गेलास आणि मोठ्यानं हसलास. पांढऱ्या मोगऱ्याच्या हारात मधे मधे रुईची फुलं. आपल्या बांधावरची, कुणी लावत नाही आणि कुणी काढत नाही ती रुई. "अगं, रुई! आपण मारुतीच्या पारावर बघतो ती. हितं बुद्धाला चालती. तिला पासपोर्ट भेटला, मला आत्ता भेटला."

तू झेंडूच्या पिशवीत हात घातलास. कोपरापर्यंत. तू हात तसाच आत ठेवून माझ्याकडे बघितलंस.

"गार हाय. बिलकुल तळापर्यंत गार."

तेवढ्यानं थांबला असतास तर मी आज हे सांगत बसले नसते. पुढे एका आजीबाईंच्या दुकानात बांबूच्या काठीला छोटे छोटे हार लटकत होते, मनगटात मावतील एवढे. तू एक हार काठीवरूनच हातात घेतलास आणि सवयीनं नाकाला लावलास. चांगला लांब श्वास. आजीबाई ओरडल्या नाहीत, पण त्यांचं तोंड अगदी मायसारखं झालं. हात हलवत काहीतरी म्हणाल्या. मला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं आणि तरी सगळं कळलं. आपण हजारो मैल लांब आलो होतो आणि तिथंही तेच, उष्टं फूल बुद्धाला चालत नाही. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. सासरच्या माणसांत माहेरचं कुणी भेटावं तसं.

तू हार तसाच सोडून मागं सरायला लागलास, तर त्या सरू देईनात. काठीवरून काढून तुझ्या हातात दिला, आधी समोरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीकडे बोट करून मान नाही म्हणून हलवली, मग तुझ्या छातीवर बोट टेकवलं. हा आता तुझा. आणि तुझ्या मनगटात तो त्यांनीच घातला. तेव्हा मात्र हसल्या.

दिवसभर तू तो हार घालून हिंडलास. सहलीतल्या बायका चिडवत होत्या, "दादा, नवरदेव कुणाचे?" तुला त्याचं काही नाही, मधेच हात नाकापाशी नेत होतास. मोठ्या झोपलेल्या बुद्धापुढे मी कमळ ठेवलं, वास न घेतलेलं. तू हात जोडून उभा राहिलास आणि हार मनगटातच. मी विचारलं, तू काय वाहिलंस? "काई न्हाई. हा तर माझाय ना. त्या म्हातारीनं सांगितलं."

संध्याकाळी बसमध्ये आपलं वाजलंच. मी म्हणाले, बघितलंस का, इथं पण चालत नाही. तू खिडकीबाहेर बघत होतास. मग म्हणालास, "बराबर हाय तुझं. वाहायच्या फुलाचं तुम्ही बायका बघा. पर एक काम कर. मी मेल्यावर माझ्यासाठी हार आणशील तर हात घालून बघून आण. वास घेऊन आण. जिंदगीभर मी गरम माल माघारी पाठवला, तोच माझ्या गळ्यात नको."

"मेलेल्या माणसाला वाहायच्या फुलाचा पण वास घ्यायचा नसतो, दादा."

"मंग मला वाहू नको. मला दे."

पुढच्या सीटवरचे पाहुणे मागं वळून बघायला लागले, म्हणून मी म्हणाले, "बघू." तू झोपलास. त्यानंतर दोन वर्षं तू रोज चहाला आलास, पण तो विषय ना तू काढलास ना मी. माझं 'बघू' तिथंच राहिलं.

मग त्या दिवशी शेवंतीच्या सरीत पाणी सोडता सोडता तू बसलास तो बसलासच. जालन्याहून मी पोहोचले तेव्हा ओटा हारांनी भरला होता. माणसं येत होती, हार घालत होती, तुझं तोंड तेवढं दिसत होतं. आणि दादा, हार कसले होते ते तुला सांगायला नको. कडा तांबूस झालेल्या, मधे देठ काळे. मी एकाला हात लावला, तर ऊब लागली. ती उन्हाची होती की आतली, मला ठरवता आलं नाही. त्या गर्दीत मी कुणाचा हार माघारी पाठवणार होते? लोक प्रेमानं आले होते. मी रडत होते आणि रडता रडता मनात म्हणत होते, हा उठेल आता, हा उठून टेम्पोत चढवेल सगळं. तू उठला नाहीस. तेव्हा मला तू गेल्याचं पहिल्यांदा खरं वाटलं.

म्हणून आजच्या कार्यक्रमाचा हार मी आणणार, असं मी सुमेधला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "आत्या, जालन्याहून कशाला, हितूनच..." मी म्हणाले, मीच आणणार. पण वास घेणार का, ते काही ठरलं नव्हतं. काल रात्री मस्तगडला घरी गेले तरी ठरत नव्हतं. साठी ओलांडलेल्या बाईला फुलाचा वास घ्यावा की न घ्यावा यावरून झोप लागू नये, हे कुणाला सांगायचं? हे म्हणाले, "घे की, कोण बघतंय?" बघण्याचा प्रश्न नव्हता. मायनंतर तो नियम घरात मी एकटीनं धरून ठेवलाय. त्यात माय आहे. आणि दुसऱ्या बाजूला तू.

आज पहाटे फुलबाजारात गेले. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. तुझे अडते गफारभाई शेकोटीपासून उठून आले.

"आपा, तुम्ही कशाला आल्या? सांगितलं असतं तर हार बराबर पाठवला असता."

"हार करून घ्यायचाय. फुलं मी बघते."

त्यांनी पुढचा शेवंतीचा ढीग दाखवला. पांढरीशुभ्र, दंव पडल्यासारखी. मी शालीचा पदर खोचला, बाही वर केली आणि हात घातला. दादा, आयुष्यात पहिल्यांदा. ऊब लागली. त्या थंडीत हाताला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, काढू नये असं वाटत होतं. पण काढला.

"गरम आहे," मी म्हणाले.

गफारभाईंनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. "इथं हाच लब्ज ऐकायला दिवस झाले, आपा," म्हणाले, आणि आतून एक गाठोडं ओढून आणलं. "हे बघा. आत्ताच आल्तं. अजून सोडलं पण न्हाई."

फडकं ओलं होतं आणि त्याला निळा काठ होता. वहिनीच्या जुन्या लुगड्याचा. मला कळायच्या आत ते म्हणाले, "तुमच्याच घरचं हाय. आष्टीचं. पोरानं टेम्पोत घालून पाठवलं."

घरात कार्यक्रम, आणि सुमेधनं पहाटे शेवंती तोडली होती. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, फुलं कुठं थांबतेत? बाबा म्हणले असते, कार्यक्रम माझा हाय, फुलांचा न्हाई." तर तुझ्या शेतातली फुलं आष्टीहून जालन्याला गेली आणि माझ्यासोबत जालन्याहून परत आष्टीला आली. या उलट्या धंद्यावर तू आठ दिवस हसला असतास.

मी त्या गाठोड्यात हात घातला. गार. तळापर्यंत गार. मूठभर फुलं बाहेर काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. तेव्हा मला माझ्या वर्गातलं टेबल आठवलं. तुला कधी बोलले नाही ते आता सांगते. तू दारात आणून दिलेल्या त्या वाटीभर फुलांचा वास मी रोज घ्यायचे. हजेरी घ्यायच्या आधी, ग्लास जवळ ओढून, पोरांच्या देखत. इतकी वर्षं. नियम मोडल्यासारखं कधी वाटलंच नाही, कारण ती वाहायची फुलं नव्हती. ती तू मला दिलेली होती. बसमध्ये तू जे म्हणत होतास ते मी रोज करत होते, आणि वर तुझ्याशीच भांडत होते.

घेतला वास. शेवंतीचा तो कडसर, हिरवा वास. तुझ्या सदऱ्याला यायचा तोच. बाजारात चारचौघांत मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. गफारभाईंनी चहा मागवला.

कार्यक्रमात भन्तेजींचं झालं, मग एकेक जण फुलं ठेवायला उठला. माझी पाळी आली. दोरीत ओवताना फुलं पुन्हा हाताळली गेली होती, टेम्पोत हलली होती, म्हणून मी फोटोपाशी उभी राहून हार परत एकदा नाकाला लावला. सगळ्यांसमोर. विहारातल्या माझ्याच बायका बसलेल्या, ज्यांना मी गेली कित्येक वर्षं यावरून टोकत आलेय. मग तुझ्या फोटोला हार घातला.

आपली धाकटी काकू पुढंच बसली होती. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, पण एवढं बरोबर दिसलं.

"अगं मास्तरीण," काकू म्हणाली, "वास घेतला की तू. उष्टा हार वाहिला व्हय भावाला?"

"वाहिला नाही, काकू," मी म्हणाले. "दिलाय."

काकूला काही कळलं नाही. तुला कळलं असेल, असं म्हणायची आपल्या धर्मात सोय नाही. म्हणून नुसतं सांगून ठेवते. मी हात घालून बघितला होता, दादा. माल गार होता.